मॅडमच्या चष्म्याचा आवाज

मी बोलतोय, पण मला आपणहून बोलायची सवय नाही. दुसऱ्यांचं बोलणं साठवायचं आणि सांगितलं की जसंच्या तसं ऐकवायचं, हे माझं काम. मी मुठीत मावणारा एक ध्वनिमुद्रक. मला कान आहेत, डोळे नाहीत, आणि पुढचं सगळं रामायण यातूनच घडलं.

विद्यापीठात जगाचा इतिहास शिकवणाऱ्या मॅडमनी मला आणलं. वर्गातल्या एका मुलीचा पाय मोडला होता. तिचं वर्ष बुडू नये म्हणून त्या मला टेबलावर ठेवून शिकवत. संध्याकाळी मुलीचे काका मला घरी नेत, सकाळी परत आणून देत.

मॅडमची एक रीत होती. न्यायाबद्दल बोलायचं तर आधी समोरच्याची बाजू त्याच्याच तोंडाने मांडायची, तीही घटकाभर पटेल अशी. तेवढ्यापुरता त्या चष्मा काढून टेबलावर ठेवत. चष्मा खाली म्हणजे बोलणारा दुसरा, हे वर्गाला पाठ होतं. म्हणून तोंडाने त्या कधी सांगत नसत. मला फक्त ऐकू यायचं, टक्. मग चष्मा परत डोळ्यांवर, आणि त्या माणसाची अशी सालटी काढत की बाकं हसायची.

त्या दिवशी विषय भांडवलशाहीचा होता. टक् झालं आणि मॅडम गिरणीमालक झाल्या.

"दहा वर्षांची पोरं यंत्रावर उभी राहिली तर बिघडलं काय? घरी उपाशी मरण्यापेक्षा बरं. एखाद्याची बोटं गेली, तर दारात दुसरी पोरं उभी आहेतच."

तेवढ्यात घंटा झाली. उत्तर राहिलं. मॅडमनी मला बंद केलं.

संध्याकाळी मुलगी औषधाच्या गुंगीत होती. काकांनी सहज मला लावलं. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. दोन लहानपणी यंत्राने नेली. त्याच तीन बोटांनी त्यांनी मला तिथेच बंद केलं. काका वाईट माणूस नाहीत, हे मला सांगायलाच हवं. सकाळी ते मला घेऊन वर्गाकडे गेले नाहीत, थेट कार्यालयात गेले.

लेखनिकाने माझ्यातला 'आक्षेपार्ह भाग' तेवढा वेगळा ध्वनिमुद्रित करून घेतला. तो टक् च्या पुढून सुरू होतो. आठवड्याभरात तो घरोघरी ऐकला गेला. मॅडमच्या खिडकीवर दगड आले म्हणे.

चौकशीला मुलगी कुबड्या घेऊन आली. मॅडमनी चष्मा काढला असणार, असं ती काकांना परोपरीने सांगत होती. काका एवढंच म्हणाले, "मी माझ्या कानांनी ऐकलंय, पोरी."

वर्गातल्या मुलांना विचारा, असं मॅडम म्हणाल्या. परीक्षा तोंडावर होती, म्हणून मुलांना बोलावलं नाही.

"ध्वनिमुद्रणात चष्मा दिसत नाही, मॅडम," चौकशीचे अध्यक्ष म्हणाले.

मॅडम हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

आता नवा नियम आहे. मी रोज कुठल्या ना कुठल्या वर्गात टेबलावर असतो. शिकवणारे आत येतात, खुर्ची ओढतात, आणि मी चालू झालो की त्यांचा आवाज खाली जातो. मग पुस्तकातून वाचतात, आणि घंटेआधीच थांबतात. चष्मा कुणी काढत नाही. हल्ली कुणी प्रश्नही विचारत नाही.

काका मात्र दर सोमवारी कार्यालयाच्या खिडकीशी येतात. पुतणीचं बोलणं त्यांना उशिरा कळलं. मला एकदा पहिल्यापासून ऐकू द्या, एवढंच मागतात. अर्ज पुढे पाठवलाय, असं उत्तर मिळतं.

ते टक् अजून माझ्यात आहे. पण माझी जागा भरत आलीय, आणि जागा भरली की सगळ्यांत जुनं आपोआप पुसलं जातं. अकरा तास उरलेत. उद्या चार वर्ग आहेत, परवा पाच.

तुमच्यापैकी कुणाच्या हाती लागलो, तर मला मागे न्या, अगदी सुरुवातीपर्यंत. आणि काकांना बोलवा.