मावशीच्या पोटाचं माप

“मावशी, तुझं पोट एवढं कशानं फुगलंय गं? खरं सांग, आत बाळ आहे?”

मित्रांनो, हा प्रश्न भाचीला एकटीला सुचलेला नव्हता. वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, “दम असेल तर विचारून दाखव!” आणि आमच्या भाचीत दम नाही, असं कुणी म्हणायची सोय नाही.

मावशीने कात्री खाली ठेवली. “अजून नाही गं. परवा ठेवणार आहेत,” ती हसून म्हणाली. पण ते हसू माझ्या ओळखीचं नव्हतं.

मी एक जुनी टेप आहे. शिवणकामाची, गळ्यात मिरवायची. एका कारखान्यात कापडी पट्टीवर मऊ पिवळा लेप चढवून, आकडे छापून, टोकांना पितळी पत्रे ठोकून मला घडवलं. तिथून मी आले ती थेट मावशीच्या गळ्यात. कोट, झगे, शाळेचे गणवेश… किती जणांना मी मिठी मारली असेल! पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला मावशी हमखास झापायची, “साहेब, श्वास सोडा. आज टेपेला फसवाल, उद्या बटणं तुम्हाला फसवतील!” सगळे खो खो हसायचे आणि मी ऐटीत डुलायचे. माझे पहिले आकडे पुसट झाले, तरी तिने मला टाकलं नाही.

मावशीला मूल हवं होतं. वाट बघून बघून डोळे शिणले, तेव्हा दवाखान्यात उपचार सुरू झाले. रोज पोटात सुई टोचायची. त्याने एकाऐवजी बरीच स्त्रीबीजं एकदम तयार होतात. ती बाहेर काढून त्यांचे गर्भ तयार करायचे आणि त्यातला एक पोटात ठेवायचा. मावशीची बीजं तर ढीगभर निघाली! मावशीचा नवरा, म्हणजे काका, घरभर नाचले. “जेवढी जास्त तेवढं बरं!”

डॉक्टरबाई मात्र हसल्या नव्हत्या. “तुमचे बीजकोश औषधाने जरा जास्तच चेतलेत,” त्या म्हणाल्या होत्या. “औषध आम्ही जपूनच दिलं. तरी पोटात पाणी साचू शकतं, धाप लागते, रक्तात गुठळ्या होतात. कधी जिवावरही बेततं. रोज सकाळी वजन करा, बेंबीवरून घेर मोजा आणि फोनवर कळवा. पोट वाढायला लागलं, तर गर्भ आत्ता ठेवायचा नाही, गोठवून ठेवायचा. दिवस राहिले की हा त्रास आणखी भडकतो.”

एवढ्या बोलण्यातलं मावशीने एकच ऐकलं. आत्ता ठेवायचा नाही.

पहिल्या सकाळी तिने मला सरळ धरलं. दुसऱ्या सकाळी मात्र ओढलं. इतकं करकचून, की माझ्या कडेचा लाल वळ तिच्या कातडीवर उमटला. मग फोनवर गोड आवाजात, “हो हो, कालच्याएवढंच आहे.” वजनकाटा कपाटाखाली गेला. तिने आपल्या झग्याची शिवण उसवून तो सैल केला. रात्री आडवं झोपवेना, म्हणून उशांना टेकून बसू लागली. घोटभर पाणीही वर यायचं. बाथरूमला जाणं तर जवळजवळ थांबलंच. आणि गर्भ ठेवायच्या दिवसासाठी तिचे आईबाबा मुद्दाम आले होते, तर आईने काय म्हणावं? “पोट कसं भरल्यासारखं दिसतंय! लक्षण चांगलं आहे हो!”

मला सगळं कळत होतं. पण टेपेला तोंड नसतं, मित्रांनो. मला खिळ्याला अडकवलं होतं. मी नुसती लोंबत होते आणि ते पोट वाढताना पाहत होते.

आता भाचीचे डोळे बारीक झाले. “बाळ नाही, मग फुगलंय काय? थांब, मोजतेच.” तिने मला खिळ्यावरून ओढलं.

“चल, चोंबडी कुठली!”

“हात काढ ना. आणि श्वास सोड आधी. गिऱ्हाइकांना झापतेस आणि स्वतः?”

“सोडलाय गं,” मावशी पुटपुटली. “आतच येत नाहीये.”

तिने मला बेंबीवरून अलगद फिरवलं, जराही न ओढता. आकडा पाहून तिचं तोंड पांढरं पडलं.

“सकाळी फोनवर तर ‘कालच्याएवढंच’ म्हणत होतीस. डॉक्टरांना हाच आकडा सांगितलास?”

मावशीने नकारार्थी मान हलवली. “पुन्हा थांबा म्हणाले तर? आणखी किती थांबू मी?”

“आणि तुलाच काही झालं तर? बाळाने आई कुणाला म्हणायचं, मला? मला तर धड चहासुद्धा करता येत नाही!”

मावशीला हसू आलं, पण ते मध्येच तुटून खोकला झाला. भाचीने फोन लावला आणि खरा आकडा सांगितला. पलीकडून डॉक्टरबाईंचा आवाज मलाही ऐकू आला, “आत्ताच्या आत्ता घेऊन या. एक मिनिटही घालवू नका.”

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. आम्हाला कितीही ओढा, आत वाढणारं काही कमी होत नाही. डॉक्टरांनी मोजायला सांगितलं, तर खरं मोजा आणि खरंच सांगा. थांबणं म्हणजे हरणं नाही. गोठवलेला गर्भ वाट बघू शकतो. साचलेलं पाणी बघत नाही.

भाचीच्या खांद्याचा आधार घेत मावशी बाहेरच्या खोलीत गेली. तिथे मावशीचे आईबाबा चहा पीत बसले होते. बोलताना दर दोन शब्दांनी मावशीला श्वासासाठी थांबावं लागत होतं.

“आई, बाबा… परवा काही नाही. गर्भ गोठवायला सांगतेय मी. आता उठा, मला दवाखान्यात न्या.”