एका कार्डावरचे सहा हात

सरकारला पुरावा हवा होता, की ही बाई शेतात राबते.

लेकीनं ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा आई आधी हसलीच. हातच्या कांकणाला आरसा कशाला? स्ट्रॉबेरीचा लाल रंग तिच्या नखांत असा मुरला होता की साबणानं कधीच हार मानली होती. सकाळी उठून कंबर सरळ करायची तर भिंत धरावी लागायची. "दोन वर्षांत मिळून पंचाहत्तर दिवस?" ती म्हणाली. "अगं, एवढे दिवस तर आम्ही एका हंगामात वाकूनच काढतो. तुझ्या सरकारला मोजता येतं ना नीट?"

हंगामामागं मळ्यामळ्यांतून फिरणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी ते अनुदान होतं. कॉलेजचं पहिलं वर्ष, वसतिगृह, पुस्तकं, सगळं सरकार बघणार. लेकीला प्रवेश मिळाला होता, तोही पहिल्या यादीत. नऊ शाळा बदलून, प्रत्येक शाळेत अर्ध्या वर्षात आलेली नवी मुलगी म्हणून मागच्या बाकावर बसून मिळवलेला. महिनाअखेरपर्यंत अनुदान मंजूर झालं नाही, तर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि घोडं अडलं होतं ते पुराव्यापाशी. मळ्याच्या एकाही यादीत आईचं नाव नव्हतं.

का नव्हतं, ते वस्तीत कुणीही सांगितलं असतं. मजुरांना राहायला एक लांबलचक पत्र्याची शेड होती. तीत चादरी टांगून ज्यानं त्यानं आपापला संसार थाटलेला. एकाचा खोकला, सगळ्यांची झोपमोड. पण शेडच्या टोकाला चार खोल्या होत्या, दाराच्या, आतून कडी लागणाऱ्या. ज्याच्या कार्डावर सगळ्यात जास्त क्रेट चढतील त्याला खोली, हा मुकादमाचा नियम. मग शहाणी माणसं काय करतात? घरातल्या सगळ्यांची तोडणी एकाच कार्डावर चढवतात. नवरा गेल्यापासून आई आपल्या भावाच्या सोबतीनं फिरत होती. तेव्हा तिचे क्रेट, भावजयीचे क्रेट आणि भावाचे स्वतःचे, सगळे भावाच्या कार्डावर. म्हणजे लेकीच्या मामाच्या. कागदोपत्री मामाला सहा हात होते. मुकादम त्याला चारचौघांत 'मशीन' म्हणायचा, आणि मामा मान खाली घालून लाजायचाही. पठ्ठ्याला बहुतेक ते खरंच वाटायला लागलं होतं.

आईला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. दार लावलं की आत शांतता असायची आणि लेक अभ्यास करायची. यादीतलं नाव काय चाटायचंय, असं आई म्हणायची. लेकीनंही सुट्ट्यांमध्ये काही कमी क्रेट भरले नव्हते, पण ते बोलायची सोय नव्हती. कोवळ्या वयाच्या पोरांना रानात उतरवलं म्हणून मुकादम गोत्यात आला असता, आणि मुकादम गोत्यात आला की आधी कुणाचं सामान बाहेर पडतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

अनुदानाच्या कचेरीतली बाई मात्र बरी निघाली. तिनं लेकीला खुर्ची दिली, कागद दोनदा वाचून कचेरीच्या हिरव्या फाइलीत लावले आणि म्हणाली, "यादीत नाव नसलं तरी मार्ग आहे. आमचा माणूस गुरुवारी मळ्यावर येईल. तुझ्या आईनं फक्त एवढंच सांगायचं, की मी इथे काम करते. तो लिहून घेईल, आई सही करेल. झालं."

लेकीनं दोन दिवस आईकडून घोकून घेतलं.

"विचारलं तर काय सांगशील?"

"सांगेन, बारा वर्षं काम करते."

"घाबरून काहीतरी भलतंच बोलशील."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? ये म्हणावं त्याला."

तो आला, पण मंगळवारी.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं ऐकून कुणी आईला मूर्ख म्हणेल, आणि मूर्ख तर ती नव्हतीच. फाइल घेतलेला माणूस बांधावर दिसला की रांगेतला पहिला मजूर शीळ घालायचा. शीळ ऐकली की बिनकार्डाच्या माणसांनी क्रेट जिथल्या तिथं सोडायचा, हात ॲप्रनखाली लपवायचे आणि जेवणाचा डबा घेऊन आल्यासारखं बांधावर जाऊन उभं राहायचं. बिनकार्डाचं माणूस कामावर सापडलं तर मुकादमाला दंड, आणि त्याच संध्याकाळी ते कुटुंब वस्तीबाहेर. दोन घरं आईनं अशी जाताना पाहिली होती, भिजलेल्या गाद्यांसकट. बारा वर्षांत ती शीळ तिच्या हाडांत उतरली होती. डोक्याला विचारायला वेळच कुठे होता?

शीळ वाजली. आई बांधावर पोचली. माणूस थेट तिच्याकडेच आला.

"तुम्ही इथे काम करता का?"

"छे हो साहेब. माझा भाऊ करतो. मी त्याचा डबा घेऊन आलेय."

"अधूनमधून मदत म्हणून तरी?"

"कधीच नाही. मला वाकवतच नाही, कमरेचं दुखणं आहे."

माणूस तरुण होता. त्यानं तिच्या ॲप्रनकडे पाहिलं, गुडघ्यांवरच्या चिखलाकडे पाहिलं. "बाई, नीट विचार करून सांगा. खरं सांगितलंत तर तुमचाच फायदा आहे."

हे वाक्य तर प्रत्येक फाइलवाल्याच्या तोंडात असायचं. कुणी आपल्या फायद्याची गोष्ट काढली की आई दुप्पट सावध व्हायची. "आयुष्यात कधी रानात उतरले नाही मी," ती म्हणाली, तेही त्याच्या डोळ्यांत बघून. त्यानं सुस्कारा सोडला, लिहिलं आणि कागद पुढे केला. सही करायला तिला लेकीनंच शिकवलं होतं. तिनं संपूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकही अक्षर न चुकता.

संध्याकाळी खोलीत तिनं ही हकिगत रंगवून सांगितली. त्याचा चेहरा कसा पडला, आपण कमरेचं कसं सुचवलं. भावजय हसून हसून लोळली. लेकीनं पुस्तक मिटलं.

"फाइल कुठल्या रंगाची होती?"

"हिरवी."

"त्यानं काय विचारलं? शब्द न् शब्द सांग."

आई सांगायला लागली, आणि निम्म्यावर तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. "पण तू तर गुरुवार म्हणाली होतीस," ती कशीबशी म्हणाली. "मंगळवारी कसा आला मेला?"

दुसऱ्या दिवशी दोघी कचेरीत गेल्या. आईनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, बोटं पसरून. कचेरीतल्या बाईनं ते पाहिले आणि नजर वळवली. "मला दिसतंय हो," ती म्हणाली. "पण खाली तुमची सही आहे. आता एकच उपाय. ज्याच्या कार्डावर क्रेट चढले, त्यानं लिहून द्यायला हवं की त्यातले तुमचे होते."

म्हणजे मामानं. आणि मामाच्या मुलाला, सगळे ज्याला लाडोबा म्हणत त्याला, त्याच कार्डावर तेच अनुदान आठवड्यापूर्वी मंजूर झालं होतं. जेमतेम काठावर पास झालेलं पोरगं, आयत्या बिळावर नागोबा. त्याचा अर्जही लेकीनंच भरून दिला होता.

मामा उंबऱ्यावर बसून बुटांचा चिखल काढत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"लिहून द्यायला माझी ना नाही," तो म्हणाला. "पण मी लिहिलं, तर तू सरकारी माणसाला खोटं सांगितलंस असं होतं. सख्ख्या बहिणीला मी खोटं पाडू? माझ्याच्यानं नाही व्हायचं, ताई."

त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्या पाण्याचाच आईला जास्त संताप आला. पण बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

"मामा, त्यातले क्रेट आईचे किती, ते तुला माहीत आहे ना?" लेक म्हणाली.

"पोरी, एका घरात तुझं-माझं असतं का?"

"मग अनुदानात कसं झालं?"

मामा बूट खरवडत राहिला. उत्तर आतून भावजयीनं दिलं. "हे लिहिलं तर कार्डच खोटं ठरेल आणि लाडोबाचं जाईल. हिला मिळेल याची खात्री आहे का कुणाला? आणि एका कार्डावर तिघं राबतात हे सरकारी कागदावर आल्यावर मुकादम ही खोली ठेवेल होय?" ती खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती.

महिना संपला. कॉलेजचं पत्र दोन ओळींचं आलं. लाडोबा नवी बॅग घेऊन गेला. जाताना त्याला लेकीकडे बघता आलं नाही, एवढी तरी लाज त्याच्यात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या मागोमाग लेकही रानात उतरली. पहिला क्रेट भरल्यावर आई तो घेऊन काट्याशी गेली आणि कारकुनाला म्हणाली, "आजपासून माझे क्रेट माझ्या नावावर लिही."

कारकुनानं मुकादमाकडे पाहिलं. मुकादम म्हणाला, "कार्ड करून देतो की. पण मग मशीनचा आकडा उतरला. खोली सोडायची आणि शेडमध्ये चादर टांगायची. चालेल?"

"चालेल," आई म्हणाली. तिला आता खरंच काही वाटत नव्हतं.

तेवढ्यात मागून लेक आली. तिनं स्वतःचा भरलेला क्रेट आईच्या क्रेटवर ठेवला.

"दोन्ही मामाच्या कार्डावर घ्या," ती कारकुनाला म्हणाली. "शेडमध्ये आईला झोप लागत नाही."

कारकुनानं लिहून घेतलं. लेकीनं दोन रिकामे क्रेट उचलले, एक आईच्या हातात दिला आणि रांगेत जाऊन वाकली. तिनं आपल्याशी भांडावं, निदान एकदा तरी तोंडावर म्हणावं की तू माझं वाटोळं केलंस, असं आईला फार फार वाटलं. ती लेकीच्या शेजारच्या रांगेत वाकली आणि दुपारपर्यंत वाट पाहत राहिली. पोर फक्त भराभर तोडत होती.