हनियाची कंबर आणि गिझलानचं न्हाण

हनियाच्या उजव्या कुल्ल्यातून कळ निघायची ती थेट टाचेपर्यंत जायची. सफ्रू गावच्या हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, तिने अर्ध्या गावाच्या पाठी घासल्या होत्या, पण आता बादली उचलताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. दवाखान्यात त्याला सायटिका म्हणत, गावात बूझल्लूम. शेजारणी म्हणाल्या, बाजाराच्या दिवशी पायाला तापल्या सळईचा डाग देऊन घे. हनिया तेही करून बसली असती, कारण गुरुवारी गिझलानचं नवरीचं न्हाण होतं.

गिझलानची आई बाळंतपणातच गेली. लेकराला पहिल्यांदा हमामात आणलं ते हनियाने, आणि तिथेच सगळ्यांसमोर ती बोलून गेली होती, "हिला नवरी करून मीच न्हाऊ घालणार." एवढी मोठी बात करून आता माघार घ्यायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. त्यात झहूर टपलेली. ती दुसरी घासणारी, तरणीताठी, दंड असे की बैल लाजावा. "मावशी, जमत नसेल तर सांगा हं," असं ती रोज गोड आवाजात म्हणायची आणि हनियाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी ती दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या सुकैनाकडे गेली. त्या पोरीने तिला चटईवर उताणं झोपवलं. "दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. आता खालची मांडी हळूच पोटाकडे ओढा. ताण जाणवला की थांबा, कळ आली तर सोडून द्या."

हनियाने मान डोलावली आणि घरी जाऊन आपलंच खरं केलं. तिच्या धंद्यात बाई ओरडली नाही तर पैसे वसूल झालेच नाहीत असं धरतात. मळाच्या वळ्या सुटेपर्यंत घासायचं, हीच तिची रीत. तिने पाय असा काही खेचला की सकाळी नवऱ्याला तिला धरून उठवावं लागलं.

"मावशी, मी काय सांगितलं होतं?" सुकैना चिडली.

"अगं, घासल्याशिवाय मळ निघतो का?"

"नस म्हणजे काय मळ आहे? ती चिडलीय, तिला आणखी चिडवू नका!"

हनिया पुटपुटली, पण तिने ऐकलं. उताणी पडून सावकाश ओढायची, कळ यायच्या आत सोडायची. अशा लाडाने कधी कुणाचं भलं होतं का, असं मनाशी म्हणत करायची. आणि खरंच, कळ टाच सोडून पोटरीवर आली, मग मांडीत आली. बुधवारी ती घरभर सरळ चालली.

गुरुवारी हमामात मेणबत्त्या लागल्या, बायकांनी जिभा हलवून आनंदाचा कल्लोळ केला. हनियाने गिझलानचे केस धुतले, काळा साबण चोळला, अंग घासायचा खरखरीत मोजा हातात चढवून पाठ, दंड, हात घासले. कंबर साथ देत होती. मग पायांसाठी ती वाकली आणि कळ सणकन उतरली. मोजा हातातून गळला.

कल्लोळ थांबला. झहूर पुढे झाली.

"थांब," हनिया म्हणाली. जन्मभर दुसऱ्यांना त्या गरम फरशीवर निजवलं, स्वतः कधी पाठ टेकली नव्हती. आज ती सगळ्यांदेखत उताणी झाली आणि मांडी सावकाश पोटाकडे ओढू लागली. कुणीतरी खुदकन हसलं. गिझलानने तिकडे असं पाहिलं की हसू जागीच विरलं.

"पाणी निवलं तरी चालेल मावशी, सावकाश होऊ दे," ती म्हणाली.

कळ ओसरली. हनिया उठून बसली. वाकून पाय घासावेत एवढी हिंमत अजून होती. पण परवा वरातीत नाचायचं की अंथरुणात पडायचं, ते आत्ताच ठरणार हे तिला कळत होतं. तिने मोजा उचलून झहूरकडे फेकला.

"पाय तू घे गं. पण नीट घास, माझी लेक आहे ती!"

झहूरने मोजा चढवून पायाशी बैठक मारली. हनिया भिंतीला टेकली, तिने गिझलानचं ओलं डोकं मांडीवर घेतलं. एवढ्या वर्षांत तिच्या हातात इथे कायम मोजा नाही तर बादली. आज दोन्ही हात रिकामे होते, म्हणून ते पोरीच्या कपाळावरून नुसते फिरत राहिले, आणि हनिया रडू लागली.

"दुखतंय का मावशी?"

"नाही गं बाई," हनिया म्हणाली, "तू निघालीस ना."