साडेबाराची बॅटरी

देवाप्पांनी भात्याच्या घड्यांवर सरसाचा कुंचला फिरवला, कातड्याची पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबायला घेतली, आणि नेमका तेव्हाच सुलभाच्या कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला.

तिने घाईघाईने पिशवीतून दुसरी बॅटरी काढून बसवली. पडदा उजळला, कोपऱ्यातली लाल खूण दोनदा लुकलुकली आणि पुन्हा अंधार.

“अण्णा, स्वल्प थांबता का?”

“मी थांबलो असतो की, अक्का. पर सरस थांबत न्हाई.” पट्टी घडीघडीने खाली नेताना देवाप्पांनी मान वर केली नाही. “एकदा वाळला की मग उकलायचं न्हाई बगा.”

सुलभाने फोनवर दोन फोटो काढून पाहिले. चामराजपेटेतल्या त्या बोळात भरदुपारीही उजेड बेताचाच, त्यात फोटो चिखलासारखे आले. मग तिने कॅमेरा मांडीवर ठेवला आणि नुसतं बघत राहिली. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

गेले दोन महिने हे असंच चाललं होतं. देवाप्पा मूळचे निपाणीकडचे, पंचेचाळीस वर्षं या दुकानात हार्मोनियमच्या पेट्या बनवत आणि दुरुस्त करत आलेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. नात दिव्यश्रीसाठी एक शेवटची पेटी करायची आणि ती झाली की दुकान बंद करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सुलभा स्वतःची जुनी पेटी घेऊन आली तेव्हा हे तिला कळलं, आणि एकसष्टाव्या वर्षी तिच्या डोक्यात एक किडा शिरला. लाकडाच्या फळीपासून पहिल्या सुरापर्यंत सगळी पेटी फोटोंत धरायची. दर सोमवारी आणि गुरुवारी ती इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या मुलाच्या, सुहासच्या फ्लॅटवरून दोन बस बदलून इथे यायची, आणि साडेबाराच्या ठोक्याला बॅटरी मान टाकायची. त्यापायी स्वरपट्ट्या बसवताना राहिल्या, झडपा राहिल्या, आणि आज भाता गेला.

“गुरुवारी सूर लावायचे,” देवाप्पा फडक्याने बोटं पुसत म्हणाले. “शेजारच्या पत्र्यावाल्याचं मशीन दोन वाजता बंद हुतंय. त्याच्या म्होरं बसायचं. सदतीस सूर हाईत. कानशीनं पितळ घासलं की घासलं, परत येत न्हाई.”

म्हणजे दोनपासून अंधार पडेपर्यंत. आणि हिच्या बॅटऱ्या साडेबाराच्या. सुलभाने पिशवी उचलली आणि बोळाच्या टोकाशी असलेल्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात गेली.

दुकानाची मालकीण भाग्यलक्ष्मी, चाळिशीची, कानामागे पेन्सिल खोचलेली. तिने दोन्ही बॅटऱ्या एका यंत्रात घालून पाहिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“आंटी, घर में कौन देखता है ये बॅटरी?”

“मेरे हजबंड. इंजिनियर थे.”

“कोई इसको पूरा खाली करता है. झीरो. फिर दो-तीन दिन वैसा ही छोड देता है. इसीलिए मर गया.” भाग्यलक्ष्मीने कपाटातून नव्या दोन बॅटऱ्या काढून काचेवर ठेवल्या. “ये लेके जाओ. लेकिन वैसा ही किया तो ये भी मरेगा.”

सुलभाला हसूच आलं. तिच्या डोळ्यांसमोर घरातलं कोपऱ्यातलं टेबल आलं. ती आली रे आली की अरविंदराव कॅमेऱ्यातून बॅटऱ्या काढून घेत, त्यांना दोन तारांनी स्कूटरचा एक छोटा दिवा जोडत आणि तो विझेपर्यंत तसाच ठेवत. याला ते ‘सर्व्हिसिंग’ म्हणत. चार्जिंग निघायच्या आदल्या संध्याकाळी. सरकारी कारखान्यात, वायरलेस सेटच्या बॅटऱ्या तपासण्यात तेहेतीस वर्षं घालवलेला माणूस. त्याच्या टेबलाकडे काय चाललंय असं विचारायची या घरात पद्धत नव्हती. जुन्या बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या करूनच भराव्या लागत, नाहीतर त्यांना अर्ध्या पोटीच राहायची सवय लागे, हे त्यांनीच तिला लग्नानंतर कधीतरी समजावलं होतं. बिचारे. जगाच्या बॅटऱ्या बदलल्या, हे आपले तेच धरून बसले.

बसमध्ये तिला राग नव्हता, काळजी होती. हे सांगायचं कसं? चहात साखर कमी आहे म्हटलेलं ते ऐकून घेतील, पण बॅटरीतलं कळत नाही म्हटलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीचा उड्डाणपूल संपेपर्यंत तिने मनात चार वाक्यं घडवली, दोन मोडली.

सव्वातीनला दार उघडलं. चहाचं आधण आधीच चढलेलं होतं.

“आज लवकर?” अरविंदराव म्हणाले. दर खेपेला ते हेच विचारत, आणि दर खेपेला त्यांना आश्चर्य वाटलेलं असे.

चहा पिऊन होईपर्यंत ती थांबली. त्यांनी सवयीने कॅमेऱ्याच्या पिशवीकडे हात केला, तेव्हा तिने पिशवी आपल्याकडे ओढली.

“अहो, जरा बोलायचं होतं. बॅटऱ्यांचं.”

“काय झालं?”

“तुमच्या वेळच्या वेगळ्या होत्या ना, त्या रिकाम्या करून भरायला लागायच्या. या लिथियमच्या तशा नसतात म्हणे. रिकाम्या ठेवल्या की खराब होतात. आता तुम्हाला तरी कुठून माहीत असणार, तुम्ही निवृत्त झाल्यावर हे सगळं...”

“मला माहीत नसणार?” अरविंदरावांनी कप बशीत ठेवला. “लिथियमच्या चाचण्यांची अख्खी पुस्तिका मी लिहिली आहे, सुलभा. शहाण्णव साली. वीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, रिकामी एक दिवससुद्धा ठेवायची नाही. नव्या पोरांकडून मी हे पाढ्यासारखं म्हणून घ्यायचो. एकाने तशी ठेवली तर त्याला मी सगळ्या विभागासमोर...”

आणि ते थांबले.

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. सुलभा नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आयुष्यभर अडाणी ठरण्याची या माणसाला एवढी भीती, की त्या भीतीपोटी तो आज लबाड ठरला होता.

“म्हणजे मुद्दाम,” ती म्हणाली.

त्यांनी रिकामा कप पुन्हा उचलला.

“दोन महिने मी त्या बॅटऱ्यांना शिव्या देतेय. भात्याचा एक धड फोटो नाही माझ्याकडे. तो माणूस आता परत भाता करणार नाही, कळतंय का तुम्हाला?”

“मला वाटलं, राहिलेले फोटो पुढच्या खेपेला निघत असतील.”

“पुढची खेप नसते तिथे. सरस वाळतो.” तिला इतका राग आला होता की आवाज उलट खाली गेला. “का केलंत?”

अरविंदरावांनी टेबलावरच्या तारा उगाचच सरळ केल्या.

“बॅटरी संपली की तू एकच्या सुमाराला निघतेस. सव्वातीनला घरी. नाहीतर पहिल्यांदा गेलीस तेव्हा सात वाजले होते.” त्यांनी एक तार बोटाभोवती गुंडाळली. “तीननंतर मला या घरात भीती वाटते. सुहास परदेशी गेल्यापासून जास्तच. कारखान्याच्या कॉलनीत होतो तेव्हा खाली उतरलं की कुणीतरी भेटायचं. इथे कुणाला नमस्कार करायचा तेच कळत नाही. परवा लिफ्टने चार वेळा खाली जाऊन वर आलो. रखवालदाराने विचारलं, सर, कुछ गिर गया क्या.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी सुलभाला याचं हसू आलं असतं.

“मग तोंडाने सांगायचं, लवकर ये म्हणून. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?”

“सांगितलं असतं तर तू गेलीच नसतीस.”

“काहीतरीच.”

“कॉलनीतला तुझा पेटीचा वर्ग,” अरविंदराव म्हणाले. “नऊ मुली यायच्या. मी एकदा, एकदाच म्हणालो, संध्याकाळी घरी आलो की घर कसंतरीच वाटतं. दुसऱ्या दिवशी तू वर्ग बंद केलास. बंद कर, असं मी म्हटलं नव्हतं. मला नुसतं कसंतरी वाटत होतं, तेवढंच सांगायचं होतं. पेटीला खोळ घालून तू ती माळ्यावर टाकलीस आणि कितीतरी वर्षं खाली काढली नाहीस. तेव्हापासून मी तुझ्याकडे काही मागायचं सोडून दिलं.”

तीस वर्षं सुलभा ही गोष्ट सगळ्यांना सांगत आली होती. बहिणीला, मंडळातल्या बायकांना, मागच्या महिन्यात देवाप्पांनासुद्धा. यांनी वर्ग बंद करायला लावला, असं. आणि आता आठवायला गेलं तर ‘बंद कर’ हे शब्द कुठेच सापडत नव्हते; तिने ते आपल्या पदरचे घातले होते, आणि त्यांच्या जोरावर तीस वर्षं स्वतःला दुखावून घेतलं होतं. हे कळून तिचा राग गेला नाही. उलट आता तो नुसता नवऱ्यावरच काढायची सोय राहिली नाही, याचा आणखी राग आला.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि लागत नसताना तांदूळ निवडायला बसली.

दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. बुधवारी संध्याकाळी तिने नव्या बॅटऱ्या स्वतः चार्जिंगला लावल्या. अरविंदराव लांबच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते.

“हिरवा दिवा लागला की काढ,” पेपरातून आवाज आला.

“हो.”

गुरुवारी पत्र्यावाल्याचं मशीन दोनला बंद झालं आणि बोळ एकदम शांत झाला. देवाप्पा पेटीचं झाकण उघडून बसले. एका हाताने भात्यात हवा भरायची, दुसऱ्याने एक पट्टी दाबायची, डोळे मिटून ऐकायचं, मग तिचा सूर वाजवणारी पितळी जीभ बाहेर काढून तिच्यावरून कानस फिरवायची. एकदा, फार तर दोनदा, केसाएवढी. मग पुन्हा हवा, पुन्हा कान. सुलभा कधी गुडघ्यावर, कधी स्टुलावर. अंगठा, कानशीचं टोक, मिटलेली पापणी, पितळेचा उडालेला कण. साडेतीन झाले तरी बॅटरीची खूण भरलेली होती. आपण घड्याळाकडे पाहिलंच नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला आनंद झाला.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. एकोणीस सूर लागले होते.

“सुलभा.” अरविंदराव होते.

“बोला.”

“चार वाजून गेले.”

“हो.”

देवाप्पांनी कानस हवेतच धरली होती. पलीकडून पंख्याचा आवाज ऐकू येत होता, घरच्या बैठकीच्या खोलीतला.

“लवकर ये,” अरविंदराव म्हणाले.

ते इतक्या घाईने म्हणाले की शब्द एकमेकांवर आपटले. सुलभाचा हात तोवर कॅमेऱ्याच्या पिशवीकडे गेला होता. चेन अर्धी उघडून झाली होती. तिने त्या हाताकडे पाहिलं. तिला विचारायच्या आधीच तो निघाला होता.

तिने हात मागे घेतला.

“नाही,” ती म्हणाली. “अजून अठरा सूर राहिलेत. आठ वाजतील मला.”

फोन कट झाला की काय म्हणून तिने तो कानापासून लांब धरून बघितला. पडद्यावर सेकंदांचे आकडे पुढे सरकत होते.

“बरं,” अरविंदराव म्हणाले. आणि मग, जरा मोकळ्या आवाजात, “बरं. सावकाश ये.”

तिने फोन स्टुलावर ठेवला.

“साहेब काय म्हनले?” देवाप्पांनी विचारलं.

“लवकर ये म्हणाले.”

“मग निघा की, अक्का. मी करतो हितनं म्होरलं.”

“नाही, अण्णा. तुम्ही लावा.”

देवाप्पांनी विसावी पट्टी दाबली आणि डोळे मिटले. सुलभाने कॅमेरा डोळ्याला लावला. त्या सुराचे पहिले तीन फोटो हलले; चौथ्याला तिने कोपर गुडघ्यावर टेकवलं.