हरकत नसेल तर

लीड्सच्या इस्पितळात नवीनच लागलेल्या जिन्सीला इंग्रजांच्या गोडगोड बोलण्याचा वैताग आला होता. "बसा, हात द्या" एवढं म्हटलं तरी पेशंटचं तोंड पडायचं, आणि नर्स उद्धट आहे अशी तक्रार जायची. तिच्या गावी, केरळातल्या कोट्टयमला, यात कुणाला काही वाटलं नसतं.

"मॉलीचेची, 'आपली हरकत नसेल तर' म्हणेपर्यंत पेशंट वर पोचेल की!" ती चिडवायची. तिच्याच गावची, पण इथे मुरलेली मॉली, तिची 'चेची' म्हणजे ताई, नुसती हसायची.

त्या दिवशी ऑपरेशनला दोघी होत्या. सर्जन हॅलमची सुरी पोटात उतरत होती, आणि तिच्या टोकाशीच, त्यांना दिसत नव्हती अशी एक धमनी उडत होती. जिन्सी ओरडणार, तेवढ्यात चहात साखर मागावी तशी मॉली म्हणाली, "हॅलमसाहेब, हरकत नसेल तर जरा थांबता का?"

सुरी जितकी अलगद उतरली होती, तितकीच अलगद वर आली. हॅलमनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला घाम फुटला. जिन्सी मॉलीकडे बघतच राहिली.

हात धुताना जिन्सी म्हणाली, "चेची, मी तर किंचाळलेच असते गं!"

"मग तो दचकला असता," मॉली म्हणाली, "आणि सुरी त्याच्या हातात होती."