बुजवलेलं तोंड

ड्रायरमधून काढलेली चादर राजकन्यानं गालाला लावून बघितली. कोमट होती, पण ओलीच. मशीनचा पत्रा मात्र हात ठेववत नव्हता इतका तापला होता. तिनं शिवी ओठातच गिळली आणि चादर पुन्हा आत टाकली.

लातुरात झड लागली होती. सासूबाई रुक्मिणबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर होत्या. त्यांच्या चादरी, दुपटी, गाऊन दिवसातून कितीदा बदलावे लागत, त्याला धरबंध नव्हता. त्यासाठीच तर ड्रायर घेतला होता. घेतला तेव्हा नीट चालायचा. मग दिवाळीच्या सुमाराला देविदासनं, तिच्या नवऱ्यानं, घराच्या दर्शनी भिंतीला चकचकीत तपकिरी शीट लावून घेतल्या. थंडी-उन्हाळा कपडे गच्चीवर वाळले, ड्रायरला कुणी हात लावला नाही. पाऊस लागला आणि हा ताप सुरू झाला. दमट चादरींवर पडून सासूबाईंची पाठ सोलवटली होती.

त्या रविवारी नांदेडहून नणंद आली, गीतांजली. आईजवळ बसली, वाकून वास घेतला.

"वहिनी, आईच्या अंगाला कुबट वास येऊन राहिला."

राजकन्या काही बोलायच्या आत देविदास खुर्चीतूनच म्हणाला, "तिला कितीदा सांगितलं, मशीन ठासून भरू नको. ऐकतच न्हाई. वारा फिरायला जागा पायजे का न्हाई आत?"

"एकच चादर टाकलीय आत," राजकन्या म्हणाली. "चला, बघा."

"मग जाळी साफ करत नसशील."

ती उठली, वरच्या मजल्यावर गेली. मागोमाग नणंद, शेवटी कुरकुरत देविदास. तिनं ड्रायरची जाळी ओढून काढली आणि त्याच्या नाकासमोर उजेडात धरली. स्वच्छ. एक धागा नव्हता. मग तिनं मशीन भिंतीपासून ओढलं. मागचा पांढरा पाइप कुठं दबलेला, मुरडलेला नव्हता. पेचकसानं तिनं त्याची पट्टी सैल केली, पाइप मशीनपासून सोडवला आणि बटण दाबलं.

गरम वाऱ्याचा झोत असा सुटला की खिडकीचा पडदा उडाला. खोलीभर दमट वाफ झाली. काही वेळानं तिनं चादर काढून नणंदेच्या हातात दिली. कोरडी.

"म्हणजे मशीन चांगलं हाय," गीतांजली म्हणाली.

राजकन्यानं पाइप परत जोडला. झोत मेला. जोडाच्या फटीतून गरम हवा उलटी तिच्या मनगटावर आली. पुढं कुठंतरी वाट बंद होती.

"पाइपच्या बाहेरच्या तोंडाला जाळी बसवली म्हणला होता ना तुम्ही? शीट लावताना?"

"बसवली की," देविदास म्हणाला, पण खिडकीकडं बघत.

तिनं मशीन दुरुस्त करणाऱ्या मल्लप्पाला फोन लावला. पावसाळ्याच्या सुरुवातीला तोच मशीन बघून गेला होता, ती ड्युटीवर असताना.

"ताई, साहेबांना तवाच बोललो की," मल्लप्पा म्हणाला. फोन स्पीकरवर होता. "बाहेर हवा जायला जागाच न्हाई. साहेब म्हणले, तिथं शीट लागली, आता फोडता येत न्हाई. मी म्हणलं, कपड्यांचा भुसा साचून पेट घेईल एखाद्या दिवशी. तुमच्या कानावर घालतो म्हणले."

तिनं फोन ठेवला.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"अगं, पुढच्या बाजूला ते पांढरं भोकाड कसं दिसलं असतं? पावसाळा सरला की काढू म्हणलं काहीतरी..."

"आईची पाठ सोलली! आणि तुम्ही रोज मला म्हणून राहिला, कोंबतीस, ऐकत न्हाईस. ताईंच्या देखत म्हणला. आता, या घडीला म्हणला!"

"वहिनी, हळू. खाली आई ऐकतीय."

"ऐकू द्या."

हातोडा जिन्याखाली होता. ती तो घेऊन आली, साडीचा पदर कमरेला खोचला आणि खिडकीतून पोर्चच्या स्लॅबवर उतरली. स्लॅब शेवाळलेली होती. देविदास खिडकीतून ओरडला, "उद्या माणूस बोलावतो! लोक बघून राहिले!"

खरंच बघत होते. समोरचे शेषेराव गेटपाशी छत्री धरून थांबले होते. तिनं पाइपच्या अंदाजानं शीटवर हातोडा घातला. पहिल्या घावाला नुसता खळगा पडला. दुसऱ्याला शीट वाकली. मग कडेच्या सांध्यात पेचकस घालून तिनं अंगातला सगळा जोर लावला, तेव्हा तुकडा करकरत सुटला.

आत पाइपच्या तोंडावर कपड्यांचा भुसा दाटून बसला होता. राखाडी, ओला, मध्ये काळी बुरशी धरलेला. तिनं मुठीमुठीनं तो उपसला आणि खिडकीतून आत फेकत राहिली, देविदासच्या पायांशी. तो मागं सरकला. गीतांजलीनं नाकाला पदर लावला, पण भावाकडं बघितलं नाही. मग तिनंच ड्रायरचं बटण दाबलं आणि फाटक्या शीटमधून पावसात वाफ उसळली.

राजकन्या आत आली तेव्हा तिचा तळहात कापलेला होता. पुढं झालेल्या देविदासला तिनं हात लावू दिला नाही.

"खाली जा. आईला सांगा."

तो खाली गेला. पलंगापाशी थोडा वेळ घुटमळून म्हणाला, "आई, मशीनमध्ये बिघाड होता. आता झालं नीट."

"मशीन चांगलं होतं," दारातून राजकन्या म्हणाली.

त्यानं मग सांगितलं, अडखळत, शीटचं, मल्लप्पाचं, सगळं. रुक्मिणबाई छताकडं बघत ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "गीतांजले, मला कुशीवर कर. ह्याच्याकडं पाठ येऊ दे. बघू दे त्याला."

गीतांजलीनं आईला वळवून गाऊन वर केला. देविदासनं बघितलं आणि तो खोलीतून निघून गेला.

सोमवारपासून चादरी त्यानंच बदलायला घेतल्या. राजकन्यानं सांगितलं नव्हतं, आभारही मानले नाहीत. शीटवाला येऊन भोक नीट कापून, झडप लावून गेला. एकदा चहा घेता घेता देविदास म्हणाला, "किती दिवस धरणार हाईस राग?"

"ठरवलं न्हाई अजून," ती म्हणाली, आणि कप उचलून मोरीकडं गेली.