पावानं पुसलेले डोळे

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा पडलेला कागद आहे. माझ्यावर पेन्सिलीनं आणि कोळशानं काढलेला ख्रिस्त आहे. डोक्यावर काट्यांचा मुकुट, मान किंचित कललेली. चारशे वर्षं मी त्याचं दुःख अंगावर वागवतो आहे. खरं सांगू? आता थकलो.

मला घडवलं ते एका म्हाताऱ्या चित्रकारानं. डोंगरातल्या आमच्या गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचे हात थरथरायचे, पण कोळसा धरला की स्थिर व्हायचे. त्या काळी खोडरबर कुठलं? पावाचा मऊ गर कुस्करून नको तो कोळसा टिपायचा. ख्रिस्ताच्या कपाळावरचा उजेड मास्तरांनी असाच काढला आणि उरलेला पाव खाऊन टाकला. डोळे सगळ्यात शेवटी काढले. त्यांना मात्र पाव लावला नाही.

पुढे मी त्यांच्या पुतणीच्या घराण्यात राहिलो. लोक मुद्दाम बघायला यायचे. "किती जिवंत डोळे!" म्हणायचे. मग चौकटीच्या काचेमागे शिरलेल्या चुलीच्या धुरानं मी काळवंडलो आणि कोणी बघेनासं झालं. एक डेल्फिना सोडून.

त्याच घराण्यातली डेल्फिना सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली. मी तिच्या समोरच्या भिंतीवर. कंबरेचं दुखणं, सूपमध्ये कमी पडलेलं मीठ, सगळं ती रोज सकाळी त्या डोळ्यांना सांगायची. तिचं सगळं करायची तिची भावजय एर्सिलिया, पण तिला घडीभर बसायला फुरसत नसे. दोघी रोज भांडत आणि एकीवाचून दुसरीचं पान हलत नसे.

ईस्टर जवळ आला. फादर घरोघर पवित्र पाणी शिंपडायला येणार, म्हणून बायका घरं घासू लागल्या. आमच्याकडे धुरकट भिंती पावानं पुसतात. एर्सिलियाची भिंत लख्ख झाली. मग तिची नजर माझ्यावर गेली.

"प्रभूचं तोंड बघ कसं मळलंय! फादर काय म्हणतील?"

"हात लावू नकोस त्याला! तुझ्या हाताला कधी धीर असतो का?"

"तू गप पड. पडल्या पडल्या हुकूम सोडायला काय जातंय तुझं!"

तिनं मला स्वयंपाकघरात नेलं, काच काढली आणि पाव फिरवला. धूर गेला, आणि त्याबरोबर डोळ्यांचा कोळसाही. पापण्यांची पेन्सिलीची बारीक रेघ तेवढी राहिली.

एर्सिलियाला रडू कोसळलं. मी तिला दोष देत नाही, तिनं भक्तीनंच पुसलं होतं. पण माझा जीव तुटला. आता डेल्फिना बोलणार कोणाशी?

शेवटी तिनं मला परत टांगलं आणि ती पाठ फिरवून उभी राहिली. डेल्फिनानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"एर्सिलिया, रडतेस कशाला?"

"अगं, मी... त्याचे डोळे..."

"मिटलेत. दिसतंय मला. चारशे वर्षं आमची रडगाणी ऐकत टक्क जागा होता बिचारा. झोपू दे त्याला. आता माझी कुरकुर तुला ऐकावी लागणार. खुर्ची ओढ इकडे."

एर्सिलियानं हातातला काळा पाव ठेवला आणि खुर्ची ओढली.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. आणि घरात कोणी अंथरुणावर असेल, तर त्याच्यावर भिंतीशी बोलायची पाळी आणू नका.